कळंबाची फांदी

माझ्या लग्नाच्या तीन दिवस आधी बाबा गावाला निघून गेले. १९८९ सालची गोष्ट. लालबागच्या चाळीत मांडव पडला होता, पाहुण्यांच्या वळकट्या गॅलरीत रचल्या होत्या आणि नवऱ्या मुलाचा बाप देवरुखच्या रातराणीत बसलेला. कारण एवढंच, की देवकाला कळंबाची फांदी हवी होती. भटजींनी समजूत घालून पाहिली. आंब्याचा टाळा चालतो, पंचपल्लव दादरच्या फुलबाजारात तयार मिळतं, मुंबईत सगळे तेच करतात. बाबा म्हणाले, "ज्यांचा आंबा त्यांना आंबा. आमचं कळंब आहे."

तिसऱ्या दिवशी पहाटे ते परत आले. ओल्या पंच्यात गुंडाळलेली हातभर फांदी त्यांनी रात्रभर मांडीवर धरली होती. कंडक्टर टपावर टाका म्हणाला, तर यांनी तिचं अर्धं तिकीट काढायची तयारी दाखवली. पंचा सोडला तेव्हा मी ते झाड पहिल्यांदा इतकं जवळून पाहिलं. रुंद, गोलसर पानं, समोरासमोर जोडीने आलेली. जोडीच्या मधोमध कोवळ्या कळीला पोटाशी धरून बसलेलं एक इवलं पान. काही पानं प्रवासात मलूल झाली होती. आईने त्यांच्यावर पाणी शिंपडलं आणि म्हाताऱ्या माणसाला बसवावं तशी ती फांदी पाटावर ठेवली. खरं तर देवक आणायला जोडप्याने जायचं असतं. म्हणून गावात काका-काकी गाठ बांधून झाडापाशी गेले होते, हळद-कुंकू वाहून त्यांनी फांदी मागून घेतली होती. बाबा फक्त ती पोचवायला आले होते.

देवक ही गोष्ट मराठी घरांत इतकी मुरलेली आहे, की लग्न सोडून एरवी तिची कोणाला आठवण होत नाही. कुणाचं उंबर, कुणाचं वड, कुणाचं जांभूळ, कुणाचं मोराचं पीस. एन्थोव्हेनसाहेबाने मुंबई इलाख्यातल्या जातिजमातींवरचे तीन खंड १९२० ते १९२२ या काळात छापले. त्यांत त्याने देवकांची नोंद घेतली आहे. एका देवकाचे ते भाऊभाऊ, त्यांच्यात सोयरीक होत नसे. ज्याचं जे झाड त्याने ते तोडायचं नाही, जाळायचं नाही. आमच्या घरात तर वाळून पडलेली कळंबाची काटकीसुद्धा चुलीत जात नसे. लहानपणी मी एकदा नकळत घातली. आजीने ती उघड्या बोटांनी जळती बाहेर ओढली. मला काहीच बोलली नाही. फुंकर मारून विझवली आणि परड्यात नेऊन ठेवली.

कळंब आमचं कसं झालं, याची गोष्ट आजी सांगायची. मूळपुरुष घाटावरून उतरला, बरोबर दिवस भरलेली बायको. मागे स्वार लागलेले. ढोलीच्या एका झाडाने दोघांना पोटात घेतलं, स्वार पुढे निघून गेले आणि पहाटे त्या ढोलीतच मूल जन्मलं. "झाडाने आपल्याला जन्म दिलान," असं म्हणून आजी थांबायची. स्वार कधी मोगलांचे असायचे, कधी सावकाराची माणसं. मला सावकार जास्त खरा वाटतो. पुढे वाचताना कळलं, की अशी गोष्ट राजघराण्यांनीही जपली होती. बनवासीच्या कदंबांचा तालगुंद्याला पाचव्या शतकातला शिलालेख आहे. घराजवळच्या कदंब वृक्षावरून घराण्याला नाव मिळालं, असं त्यात कोरलं आहे. कुठे ते राजे आणि कुठे आमचं वरकस जमिनीवर नाचणी पेरणारं घर! पण दोघांनीही आपल्या कुळाचा उगम एका झाडाशी नेऊन ठेवला, याचं मला फार अप्रूप वाटतं. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. कदंब म्हणून जे झाड ओळखलं जातं, त्याचे नारिंगी चेंडू लाडवाएवढे असतात. आमच्या कळंबाची फुलं बोराएवढी, फिकट पिवळी. झाडं दोन, नावं मात्र लोकांच्या तोंडी एकमेकांत मिसळलेली. आजीला हा प्रश्न कधी पडला नाही. तिच्या लेखी कळंब म्हणजे विहिरीच्या वरच्या अंगाला उभं असलेलं एकच झाड.

पण आमच्या घराचा धर्म देवकावर थांबला नाही. तो पणजोबांनी वाढवला, आणि तोही एका अपराधातून.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. पेट्रोल मिळेना, मोटारी कोळशाच्या धगीवर निघणाऱ्या वायूवर चालत होत्या. कोळशाला कधी नव्हे ते मोल आलं. व्यापारी वाडीत आला आणि पणजोबांनी आमच्या मालकीच्या उतारावरचे ऐन, किंजळ, कुंभे त्याला देऊन टाकले. भट्ट्या कित्येक दिवस धुमसत होत्या. मिळालेल्या पैशांत एका लेकीचं लग्न झालं, घराला कौलं आली. दोन पावसाळे गेले आणि तिसऱ्या वर्षी चैत्रात घरामागचा झरा आटला. आजी तेव्हा नवी नवरी होती. हंडा घेऊन ती नदीपर्यंत जायची. एके दिवशी परतताना तिने पणजोबांना त्या कोरड्या झऱ्याच्या खाचेत हात घालून बसलेले पाहिले. हात कोपरापर्यंत आत, बोटांनी माती चाचपत होते. तिला पाहून म्हणाले, "सूनबाय, मी चोरी केली."

त्या वर्षी नव्याच्या पौर्णिमेला त्यांनी घरातल्या सगळ्यांना अंगणात उभं केलं. कोकणात गाऱ्हाणं गावाचं असतं. मानकरी देवापुढे उभा राहून बोलतो आणि बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. पणजोबांनी घराचं वेगळं गाऱ्हाणं घातलं. त्यात ना कुठल्या देवाचं नाव, ना मागणं. विहिरीवरचा कळंब, वईवरची सातवीण, झऱ्यावरचं उंबर, गोठ्यामागचा फणस, वारुळातला जुना, उतारावर उरलेला एकुलता ऐन. ज्याला त्याला नावाने हाक मारली आणि म्हटलं, "तुमच्या वस्तीत आम्ही राहतो. चुकलं ते पोटात घाला." शेवटी तोडलेल्या झाडांचीही नावं घेतली. आजी सांगायची, त्या वेळी त्यांच्या तोंडून नीट शब्द फुटत नव्हते.

तेव्हापासूनचा आमच्या घरचा नेम असा, की कुठलंही झाड तोडायचं झालं तर आदल्या संध्याकाळी बुंध्याशी तांदूळ आणि सुपारी ठेवायची आणि मोठ्याने सांगायचं, "उद्या येतो." म्हणजे त्यावर वस्तीला असेल त्याला रात्रीत बाड-बिस्तरा हलवता येतो. पाखरू, साप, मुंग्या, आणि ज्याला आपण पाहू शकत नाही तोही. हा रिवाज आजूबाजूच्या गावांतही होता. आमच्याकडे त्याला पुरवणी जोडलेली होती. सांगून झाल्यावर रात्रभर ते झाड मनात घेऊन झोपायचं आणि सकाळी मन कचरलं तर जायचं नाही. माझे आजोबा फणस तोडायला म्हणून तीन वेळा "उद्या येतो" सांगून आले. तो फणस अजून उभा आहे.

गावाची देवरहाटी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. देवीला छप्पर नव्हतं. तिला ऊन-पाऊस अंगावर लागतो, असं म्हातारे सांगत. आत गेलं की पायाखालची माती बदलायची, पालापाचोळ्यात घोटा बुडायचा. गारंबीच्या वेली माणसाच्या मांडीएवढ्या जाड, त्यांच्या शेंगा हातभर लांब. एका बेहड्याच्या ढोलीत माडगरूड वीण घालायचा. मादी स्वतःला आत कोंडून घेते, चोच जाईल एवढीच फट ठेवते आणि नर फळं आणून भरवतो. म्हणून शिमग्यापासून त्या झाडाखाली ओरडायची, दगड मारायची बंदी. नर आला की त्याच्या पंखांचा आवाज आधी ऐकू यायचा, चढावर लागलेल्या इंजिनासारखा. रहाटीतलं लाकूड हवं असेल तर देवीला कौल लावायचा. ती नाही म्हणाली तर नाही.

वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ हे पुण्याचे अभ्यासक १९७० नंतरच्या काळात सह्याद्रीतल्या अशा राया पाहत हिंडले आणि त्यांनी त्यांची शास्त्रीय नोंद केली. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनी आपली राई तोडीपासून वाचवायला त्यांच्याकडे धाव घेतली होती. राईतून येणारं पाणी गावाचं होतं. हे मी वाचलं तेव्हा मला पणजोबांचा खाचेत खुपसलेला हात आठवला. त्या गावाला जे तोडीआधी कळलं, ते आमच्या घराला नंतर कळलं.

सगळं निर्मळ होतं, असं मी म्हणणार नाही. शिमग्याला होळीसाठी अख्खं झाड पाडून नाचवत आणायची आमच्याकडची रीत. आमच्या घराच्या वाट्याला आंबा द्यायचा मान यायचा. तेव्हा आजोबांची घालमेल व्हायची. गावाची रीत मोडता येईना, घरचा नेम सोडवेना. ते सुपारी ठेवून यायचे आणि पावसात त्या जागेच्या आसपास रोपं लावायचे. जगली किती, मेली किती, हे त्यांनाच ठाऊक. मला वाटतं, त्यांना स्वतःलाच ते पुरेसं वाटत नव्हतं.

बाबा गिरणीत लागले आणि गाऱ्हाणं मुंबईला आलं. इथे पंचाईत झाली. चाळीच्या गॅलरीत उभं राहून विहिरीवरच्या कळंबाला हाक कशी मारायची? बाबांनी पहिली काही वर्षं गावाचीच नावं घेतली. मग एके वर्षी, संडासाच्या पाइपाला फुटून वाढलेला पिंपळ त्यांनी यादीत घातला. पुढच्या वर्षी नळावर येणारा कावळा. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला. घरात तांदूळ मोजून शिजत होता, तरी नव्याची पौर्णिमा चुकली नाही. गावाहून आलेली भाताची लोंबी, आंब्याचं पान, कुरडूचं फूल सुतळीने बांधून त्यांनी नवं दाराला लावलं आणि एक पिंपळाच्या पाइपाला. आजी आयुष्यात कधी 'निसर्ग' हा शब्द बोलली नाही. बाबाही नाही. त्यांची भक्ती सगळ्या झाडांवर नव्हती. ज्याच्याशी रोजचा संबंध आहे, ज्याचं आपण काही देणं लागतो, त्याचं नाव घ्यायचं. माझ्या पाहण्यात जे लोक सगळ्या सृष्टीवर प्रेम करतात, त्यांना दारातल्या झाडाचं नाव विचारलं तर बहुधा येत नाही. आमच्या घराचा धर्म त्या एका नावापासून सुरू होतो.

रहाटीचं पुढे वाईट झालं. देवीला छप्पर हवं असं गावाने ठरवलं आणि पैसा उभा करायला झाडं विकली. मोठं देऊळ झालं, फरशी बसली. बेहडा गेला. गारंबीची वेल आधाराविना जमिनीवर वेटोळं घालून पडली होती. मी ते पाहून आलो आणि दोन दिवस जेवण गेलं नाही. त्या वर्षी चुलतभाऊ म्हणाला, आता गाऱ्हाण्यातून बेहड्याचं नाव काढू, जे नाही त्याला कशाला बोलवायचं. थोरली काकी चुलीपाशी बसली होती. तिथूनच म्हणाली, "पितरपाटात सासऱ्याचं नाव घेतोस ना? तो कुठे हाय?" बेहडा राहिला.

बदलापूरला घर घेतलं तेव्हा बाबांनी गावाहून तेलाच्या डब्यातून कळंबाचं रोप आणलं आणि सोसायटीच्या कुंपणाशी लावलं. त्याला आता चौतीस वर्षं झाली. बाबा नाहीत. श्रावणात चौथ्या मजल्याच्या खिडकीतून त्याचे पिवळे गोंडे दिसतात, खाली मधमाश्यांचा आवाज येतो. या माघात लेकीचं लग्न आहे. मी गावाला जायचं तिकीट काढायला निघालो, तर ती म्हणाली, "बाबा, माझं कळंब खाली आहे. मी त्याच्याखाली सायकल शिकले." मी काकीला फोन केला. चालेल का, म्हणून विचारलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्याला इचारलंस काय?"

काल दिवेलागणीला मी आणि बायको खाली उतरलो. बुंध्याशी पाणी घातलं, मूठभर तांदूळ आणि सुपारी ठेवली. वरती पाखरं अजून जागेसाठी भांडत होती. ती शांत होईपर्यंत आम्ही थांबलो. मग खोडावर हात ठेवून मी सांगितलं, फांदी एकच हवी आहे, लेकीच्या देवकाला. उद्या येतो.