‘काल काय खाल्लंत?’: आहार-प्रश्नावलीचा छोटासा इतिहास

गुगल फॉर्म बनवला, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, दोन दिवसांत दोनशे उत्तरं आली. आहार आणि आरोग्यावर संशोधन करायचं म्हटलं की हल्ली अनेकांची सुरुवात अशीच होते. पण ‘आठवड्यातून किती वेळा फळं खाता?’ या प्रश्नाच्या उत्तरावर भरवसा किती ठेवायचा? हा प्रश्न इंटरनेटपेक्षा बराच जुना आहे. म्हणून आज थोडा इतिहास बघू.

१९४७ मध्ये अमेरिकेत बर्था बर्क यांनी ‘डाएट हिस्टरी’ पद्धत मांडली. आधी सविस्तर मुलाखत, मग पदार्थांची यादी घेऊन उलटतपासणी आणि जोडीला तीन दिवसांची लेखी नोंद. लक्षात घ्या, माणूस सांगतो ते पडताळून पाहायला हवं, हा विचार तेव्हापासूनच आहे. अडचण एकच होती. यात वेळ फार जातो.

१९७६ मध्ये तिकडेच ‘नर्सेस हेल्थ स्टडी’ सुरू झाला, त्यात १,२१,७०० परिचारिका होत्या. एवढ्या जणींच्या मुलाखती कोण घेणार? म्हणून १९८० मध्ये वॉल्टर विलेट आणि सहकाऱ्यांनी टपालाने ६१ पदार्थांची प्रश्नावली पाठवली. प्रत्येक पदार्थापुढे फक्त ‘किती वेळा’ एवढीच खूण करायची. हीच ती ‘फूड फ्रीक्वेन्सी’ प्रश्नावली. पण ते तिथेच थांबले नाहीत. १७३ जणींकडून वर्षभरात चार वेळा, प्रत्येकी एक आठवडा, खाल्लेल्या अन्नाची वजनासह नोंद घेतली आणि ती प्रश्नावलीशी ताडून पाहिली. १९८५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. याला म्हणतात व्हॅलिडेशन.

आता खरी गोम बघा. प्रश्नावली आणि नोंदवही, दोन्ही त्याच व्यक्तीने भरलेल्या. दोन्हीकडे ती कमीच सांगत असेल तर? मग मेळ छान जमेल आणि चूक मात्र तशीच राहील.

याचं उत्तर शरीरातूनच मिळालं. हायड्रोजन आणि ऑक्सिजनची जड समस्थानिकं असलेलं पाणी प्यायला द्यायचं. पुढचे काही दिवस लघवीतून ती किती वेगाने कमी होतात हे मोजलं, की शरीराने किती ऊर्जा खर्च केली ते कळतं. वजन स्थिर असेल तर खर्च म्हणजेच सेवन. अमेरिकेतल्या ‘ओपन’ अभ्यासात ४८४ जणांवर ही कसोटी लावली. २००३ मध्ये निकाल आले. फ्रीक्वेन्सी प्रश्नावलीत पुरुषांनी ऊर्जा ३१ ते ३६ टक्के कमी सांगितली होती, स्त्रियांनी ३४ ते ३८ टक्के. ‘काल काय खाल्लंत’ विचारणाऱ्या २४ तासांच्या पद्धतीत ही तूट बरीच कमी होती. पुढच्या विश्लेषणात दिसलं की स्त्रियांच्या बाबतीत कमी सांगण्याचा संबंध ‘लोक काय म्हणतील’ या भीतीशीही होता. म्हणजे दोष नुसत्या स्मरणशक्तीचा नाही.

२००९ मध्ये फ्रान्समध्ये ‘न्यूट्रिनेट-सांते’ हा ऑनलाइन अभ्यास सुरू झाला. खर्च घटला, वाढप किती ते फोटो दाखवून विचारता येऊ लागलं. पण विसर आणि संकोच तसाच राहिला. शिवाय नवा प्रश्न आला: उत्तर देतंय कोण? तिथे स्वतःहून आलेल्यांत स्त्रियांचं प्रमाण खूपच जास्त होतं. तुमच्या ग्रुपवरचे दोनशे जण तरी कोणाचे प्रतिनिधी?

आपल्याकडे १९७२ पासून राष्ट्रीय पोषण संनियंत्रण ब्युरोचे कर्मचारी प्रमाणित वाट्या घेऊन घरोघरी जायचे. कारण उघड आहे. आमटी एकाच पातेल्यात शिजते, तेल किती पडलं हे फक्त करणाऱ्यालाच ठाऊक. त्यात श्रावणातलं ताट वेगळं, मे महिन्यातलं वेगळं. परदेशी यादीत भाकरी नाही आणि उपवासाची खिचडीही नाही.

तेव्हा फॉर्म पाठवण्याआधी एवढं करा. यादी स्थानिक ठेवा. वाटी-चमच्याचा फोटो द्या. ऋतू आणि उपवास विचारा. निदान तीस-चाळीस जणांकडून वेगवेगळ्या दिवशी २४ तासांची माहिती घेऊन ताडून बघा. या पडताळणीलाही मर्यादा आहेत, त्या प्रबंधात स्पष्ट लिहा. आणि निष्कर्षात ‘लोक इतकं खातात’ असं न लिहिता ‘लोकांनी इतकं खातो असं सांगितलं’ असं लिहा. व्हायव्हात पहिला प्रश्न बहुधा यावरच येईल.