पत्रकारितेचा वर्ग आणि वृत्तपत्राची कचेरी : रानडे इन्स्टिट्यूट ते लोणी काळभोर

प्रस्तावना

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास विपुल लिहिला गेला आहे. पत्रकार घडविणाऱ्या वर्गाच्या इतिहासाकडे त्या मानाने अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे. प्रस्तुत निबंधात पुणे व परिसरातील पत्रकारितेच्या शिक्षणाचा मागोवा घेतला असून, आजच्या ऑनलाइन बहुमाध्यमी पत्रकारितेच्या वर्गात विद्यार्थ्याकडून जे काम अपेक्षिले जाते त्या अपेक्षेची ऐतिहासिक मुळे शोधण्याचा प्रयत्न केला आहे. कोणताही अभ्यासक्रम वर्गाबाहेरचे काही शिक्षण गृहीत धरूनच आखलेला असतो. पुण्यातील पत्रकारितेच्या वर्गाने दीर्घकाळ वृत्तपत्राची कचेरी गृहीत धरली. ती कचेरी आता पूर्वीसारखी शिकवीत नाही; वर्गाची आखणी मात्र ती शिकवीत असल्याप्रमाणेच चालू आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

शाळा काढणारे संपादक

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केले, तेव्हा ते विद्वान अध्यापक म्हणूनच ओळखले जात होते. पुण्यात १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि अवघ्या वर्षभराने, १८८१ च्या जानेवारीत, 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे निघाली. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर ही मंडळी शाळेत शिकवीत आणि पत्रेही चालवीत. शिक्षण व पत्रकारिता यांचा इतका निकट संबंध असूनही पत्रकारितेचे शिक्षण वर्गात द्यावे, असे त्या काळी कोणास वाटल्याचे दिसत नाही. हा धंदा छापखान्यात शिकावयाचा होता. जुळारी खिळे जुळवी, मुद्रितशोधक कच्ची मुद्रिते तपासी आणि नवखा लेखक आपल्याच वाक्यावर पडलेल्या शाईच्या खुणा पाहून शहाणा होई. या शिक्षणास ना प्रवेश परीक्षा होती ना प्रमाणपत्र. पण त्यात दुरुस्ती अटळ होती.

अपवाद म्हणता येईल असे एक नाव नानासाहेब परुळेकरांचे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात उच्च शिक्षण घेऊन ते परतले आणि १ जानेवारी १९३२ रोजी त्यांनी 'सकाळ' सुरू केला. मतपत्राऐवजी वृत्तपत्र ही त्यांची भूमिका, आणि गावोगावच्या वार्ताहरांचे जाळे हे तिचे साधन. त्या जाळ्यातील वार्ताहरही बातमी पाठवीत पाठवीतच शिकला. परदेशी विद्यापीठातून आलेल्या संपादकाच्या हाताखालीदेखील शिकण्याची जागा कचेरी हीच राहिली.

वर्गाची स्थापना

अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाची पत्रकारिता शाळा १९०८ मध्ये व कोलंबियाची १९१२ मध्ये सुरू झाली. आपल्याकडे लाहोरच्या पंजाब विद्यापीठात १९४१ मध्ये असा वर्ग निघाला. आजच्या महाराष्ट्राच्या भूमीवर या बाबतीत अग्रमान नागपूरकडे जातो. तेथील हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ मध्ये पत्रकारितेचा विभाग सुरू झाला आणि त्याच्या उभारणीच्या काळात अमेरिकन प्राध्यापक रोलंड वूल्सली तेथे अध्यापनासाठी आले होते. पुणे विद्यापीठाचा विभाग १९६४ चा. तो विद्यापीठाच्या गणेशखिंडीतील आवारात नव्हे, तर फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये भरू लागला. पुढे कित्येक पिढ्यांच्या तोंडी विभागाचे अधिकृत नाव बसलेच नाही. 'रानडेचा विद्यार्थी' एवढे सांगितले की पुरे.

येथे एक फरक लक्षात घेणे आवश्यक आहे. मिसुरीच्या शाळेने पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यांच्या हाती खरे दैनिक दिले. ते शहरातील लोक वाचीत, आणि चुकीच्या बातमीचा जाब तेच विचारीत. आपल्या विद्यापीठांनी व्याख्यान, लेखी परीक्षा आणि वर्गापुरते प्रायोगिक वृत्तपत्र ही चौकट स्वीकारली. तिला दोष देण्याचे कारण नाही. रानडे इन्स्टिट्यूटपासून नारायण पेठेतील केसरीवाडा किंवा बुधवार पेठेतील 'सकाळ'ची कचेरी सायकलने गाठण्याच्या अंतरावर होती. वर्गात कायदा, इतिहास व लेखनाचे प्रकार शिकावेत आणि बाकीचे कचेरीत उपसंपादकाच्या टेबलाशेजारी उभे राहून शिकावे, अशी ही न लिहिलेली वाटणी होती. अभ्यासक्रमाचे कागद पाहून तो वर्ग तोकडा वाटतो. शहराच्या नकाशावर ठेवून पाहिला तर तसा वाटत नाही.

यंत्रांची आवक

पुणे आकाशवाणी १९५३ पासून होतीच. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले व पुढील वर्षी सिंहगडावरून पुण्यात दिसू लागले. विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर देशव्यापी वर्ग सुरू केला; त्यासाठी कार्यक्रम तयार करणारे एक केंद्र पुणे विद्यापीठात होते. दूरस्थ व दृश्य माध्यमातून शिकविण्याची कल्पना, म्हणजे, महासाथीने जन्मास घातलेली नाही.

मराठीच्या दृष्टीने अधिक निर्णायक घटना पुण्यातच घडत होती. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम झाले आणि १९९१ मध्ये 'इस्की' ही प्रमाण संकेतप्रणाली ठरली. तरीही १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले, त्यानंतर बरीच वर्षे मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापल्या वेगळ्या फॉन्टवर चालत. एका पत्राचा फॉन्ट संगणकावर उतरविला नसेल तर त्याची बातमी चौकोनांची ओळ होऊन दिसे. युनिकोड रुळल्यावर हा अडसर दूर झाला. मात्र त्या काळात ऑनलाइन पत्रकारिता शिकविणे म्हणजे सॉफ्टवेअर शिकविणे, अशी जी समजूत रुजली ती टिकून राहिली. अभ्यासपत्रिकेच्या नावात माध्यम असते आणि आशयात यंत्र असते. शिवाय 'माध्यम' या शब्दाचा दुसरा अर्थ, शिक्षणाचे माध्यम, या चर्चेत बाजूस पडतो. व्याख्यान इंग्रजीत, सॉफ्टवेअर इंग्रजीत आणि अपेक्षित बातमी मराठीत, या तिढ्यातून विद्यार्थ्याने स्वतःच मार्ग काढावा, असे गृहीत धरले जाते.

साठ तास

आजच्या श्रेयांक पद्धतीत एका श्रेयांकाचे प्रात्यक्षिक म्हणजे तीस तास. बहुमाध्यमी पत्रकारितेच्या पत्रिकेस प्रात्यक्षिकाचे दोन श्रेयांक दिले तर विद्यार्थ्याच्या वाट्याला सत्रात साठ तास येतात. कचेरीच्या आठ तासांच्या पाळीने मोजल्यास हे आठ दिवसही भरत नाहीत. एवढ्यात चित्रण, ध्वनिमुद्रण, संकलन, छायाचित्र, आकडेवारीची मांडणी, संकेतस्थळासाठी लेखन आणि समाजमाध्यमांसाठी लघुचित्रफीत अशी कामे मागितली जातात. प्रत्येक कामाचा एक नमुना सादर होतो, गुण पडतात आणि पुढचे काम सुरू होते. दुरुस्तीला या आखणीत जागा नाही. पहिला खर्डाच अंतिम ठरतो.

युनेस्कोने २००७ मध्ये पत्रकारिता शिक्षणाचे आदर्श अभ्यासक्रम प्रसिद्ध केले. त्यांत व्यावसायिक प्रात्यक्षिक, पत्रकारितेचा सामाजिक अभ्यास आणि इतर ज्ञानशाखांचे अध्ययन या तीन अक्षांवर भर आहे. आपल्या आराखड्यांत तिन्ही नावे सापडतात. प्रश्न तासांचा आहे आणि ते तास कोणाबरोबर घालवायचे याचा आहे. मुद्रितशोधकाचे टेबल अनेक कचेऱ्यांतून उठले, उपसंपादकावर पानांचा आणि आता संकेतस्थळाचाही भार वाढला. नव्या मुलाची ओळ खोडून 'हे कोणी सांगितले?' असे समासात लिहिणारा माणूस कमी झाला. यंत्र क्षणात शुद्ध दिसणारा मजकूर तयार करून देऊ लागल्यानंतर तर ही खोडाखोड अनावश्यक वाटण्याचा धोका अधिक आहे.

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत राज्य शासनाने घरोघरी वृत्तपत्र वाटण्यास काही काळ मनाई केली होती. त्याच सुमारास पत्रकारितेचे वर्गही मोबाइलच्या पडद्यावर आले होते. कचेरी आणि वर्ग ही दोन्ही ठिकाणे विद्यार्थ्याला एकाच वेळी बंद झाली आणि जुनी वाटणी किती नाजूक होती ते उघड झाले.

लोणी काळभोरचे आवार

पुणे शहरापासून सुमारे १८ किलोमीटरवर, सोलापूर रस्त्याला लोणी काळभोर आहे. येथील राजबाग हे राज कपूर यांचे शेत. 'सत्यम् शिवम् सुंदरम्' (१९७८) या चित्रपटाचे चित्रण येथे झाले. आता या परिसरात २०१५ च्या कायद्याने स्थापन झालेले एमआयटी कला, अभिकल्प व तंत्रज्ञान विद्यापीठ असून प्रसारण व पत्रकारितेचे शिक्षणही तेथे दिले जाते. पुण्यातील माध्यमशिक्षण पेठांच्या शेजारातून महामार्गाच्या कडेला आले, याची ही एक ठळक खूण होय. सायकलच्या अंतरावरची कचेरी येथे नाही. पण जे रानडे इन्स्टिट्यूटच्या दाराशी नव्हते ते येथे आहे.

तुकोबांची पालखी पुण्यातून निघाली की मुक्कामाला लोणी काळभोरला येते व तेथून यवतकडे जाते. कॅमेरे बहुधा माउलींच्या पालखीबरोबर दिवे घाटाकडे धावतात, कारण तेथे दृश्य मिळते. मुक्कामाच्या गावात पाण्याचे टँकर कोणी आणले, शौचालयांची व्यवस्था कोणाकडे, दुसऱ्या दिवशी कचरा कोणी उचलला, ही बातमी दृश्याइतकी सोपी नाही. गावाजवळ इंधन कंपन्यांची साठवण केंद्रे आहेत. शेजारी थेऊरला यशवंत सहकारी साखर कारखाना दीर्घकाळ बंद राहिला; त्याच्या सभासदांच्या घरातील मूल आज वर्गात बसलेले असू शकते. लोणी काळभोरचे पोलीस ठाणे २०२१ मध्ये ग्रामीण दलातून पुणे शहर आयुक्तालयाकडे गेले. पोलिसांच्या दृष्टीने शहर, पण महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर, अशा गावात एखाद्या तक्रारीचे उत्तर नेमक्या कोणत्या कचेरीत मागायचे, हे शोधणे हाच बातमीदारीचा उत्तम पाठ आहे. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. तीच पायरी पुनःपुन्हा चढावी लागते.

येथील विद्यार्थ्याला सत्रभर सात नमुन्यांऐवजी यांपैकी एकच विषय द्यावा, असे सुचवावेसे वाटते. त्यातूनच लेख, ध्वनी, चित्रफीत व आकडे निघावेत. न कापलेल्या चित्रणाची नोंदवही, मुलाखतीचे मराठी शब्दांकन आणि प्रत्येक विधानासमोर त्याचा आधार, हे तयार चित्रफितीइतकेच गुणपात्र असावे. चित्रफितीखालची मराठी ओळ यंत्राने दिली असेल तर ती ऐकून दुरुस्त केलेली असावी. आणि एका कामाचे तीन खर्डे व्हावेत.

यात अडचण वेळापत्रकाची आहे. वर्गात चाळीस विद्यार्थी धरले तर तीन खर्ड्यांप्रमाणे एकशेवीस वाचने होतात. प्रत्येकास अर्धा तास धरला तरी शिक्षकाचे साठ तास लागतात, म्हणजे विद्यार्थ्याला सत्रात जितके मिळतात तितकेच. साहाय्यक प्राध्यापकाच्या आठवड्याच्या सोळा तासांच्या अध्यापनभारात व्याख्यान मोजले जाते, प्रात्यक्षिक मोजले जाते. समासात 'हे कोणी सांगितले?' असे लिहिण्याचे तास कोणत्या रकान्यात भरावयाचे, ते अजून ठरलेले नाही.