स्मार्टफोनच्या कार्यप्रणालीतील मराठी : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
कार्यप्रणालीच्या नव्या आवृत्तीची चर्चा बहुधा कॅमेरा, वेग व सुरक्षितता यांपुरती मर्यादित राहते. भाईंदर पूर्वेतील जेसल पार्कसारख्या बहुभाषिक वस्तीत मात्र फोनवरील सूचना कोणत्या भाषेत येतात, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात मराठीच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

विवेचन :
या इतिहासाचा आरंभ अक्षरापासून होतो. 'ॲप' या शब्दातील 'ॲ' हे अक्षर २००८ साली युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत समाविष्ट झाले. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयातील वर्णमालेतही त्यास स्थान मिळाले. तथापि, ज्या फोनच्या फॉन्टमध्ये हे अक्षर नव्हते, तेथे त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसे.

२०१४ मध्ये दोन भिन्न वाटा दिसतात. अँड्रॉइड ५.० ने मराठीला संपूर्ण प्रणालीची भाषा म्हणून स्वीकारले. आयओएस ८ ने केवळ मराठी कळफलक दिला. म्हणजेच आयफोनवर मराठी लिहिता येई, परंतु त्याच्या 'सेटिंग्ज' मराठीत वाचता येत नसत. ही उणीव २०२५ मध्ये आयओएस १८.४ ने दूर केली. या दोन टप्प्यांत सुमारे अकरा वर्षांचे अंतर आहे.

निष्कर्ष :
भाषा वाचता येणे, लिहिता येणे आणि संपूर्ण प्रणाली त्या भाषेत वापरता येणे या तीन स्वतंत्र पायऱ्या होत. शिवाय जुन्या फोनना काही वर्षांनी नवी आवृत्ती मिळेनाशी होते. परिणामी मराठीची सोय फोनच्या वयावर अवलंबून राहते. म्हणून अशा सुधारणांचे मूल्यमापन करताना त्या कोणापर्यंत पोहोचल्या नाहीत, हेही तपासणे अगत्याचे आहे.