मसुऱ्यात ऐकलेल्या तबकड्या

मराठीत गाण्याविषयी लिहिणाऱ्यांची परंपरा जुनी आणि भक्कम आहे. केशवराव भोळे यांनी 'एकलव्य' या नावाने गायकांची परीक्षणे लिहिली, गोविंदराव टेंबे यांनी आपल्या संगीतव्यासंगाची कहाणी सांगितली, आणि पेशाने हिशेबतपासनीस असलेल्या वामनराव देशपांडे यांनी १९६१ साली 'घरंदाज गायकी' हा ग्रंथ दिला. या तिघांच्याही लेखनामागे मैफल उभी आहे. गायक समोर बसला आहे, तानपुरे जुळत आहेत, आणि ऐकणारा पुणे, मुंबई किंवा कोल्हापूरच्या एखाद्या दिवाणखान्यात आहे. ज्याच्या गावी हा गायक कधी येणारच नव्हता, ज्याला तो केवळ तबकडीतून किंवा कॅसेटमधून भेटला, त्या श्रोत्याचे मत आपल्या संगीतसमीक्षेत फारसे नोंदले गेलेले नाही. ते नोंदण्याजोगे असते असे माझे म्हणणे आहे, आणि त्यासाठी मी मालवण तालुक्यातल्या मसुरे या गावाचा आधार घेणार आहे. आमचे मूळ घर तिथले, एवढाच माझा अधिकार.

मसुरे गड नदीच्या काठी वसले आहे. गावात भरतगड, पाण्यापलीकडे भगवंतगड. गावाचीच एक वाडी असलेल्या आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा आता साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाली आहे. मात्र गाण्याच्या दृष्टीने गावाचे वर्ष जत्रेने नव्हे, गणपतीने ठरे. चाकरमानी येत, आधी बोटीने, मग एसटीने, १९९८ नंतर कोकण रेल्वेने. आणि त्यांच्या सामानात गाणी येत. काय ऐकायचे हे गावाने ठरवलेले नसे. परळच्या किंवा गिरगावच्या कोणाची तरी आवड ट्रंकेतून उतरे आणि पुढे वर्षभर पुरवून वापरली जाई. त्यामुळे संग्रह विचित्र असे: 'गीतरामायणा'शेजारी प्रल्हाद शिंदे, आणि शिंद्यांशेजारी 'शिवकल्याण राजा'. (हे शेजार पुण्यातल्या कपाटात क्वचितच पाहायला मिळाले.)

या श्रोत्याचा कान कोरा नव्हता, हे मात्र विसरता कामा नये. तबकडी येण्यापूर्वीच तो दोन गोष्टींवर घडलेला होता. एक दशावतार, दुसरे भजन. त्यातही डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा समोरासमोर रंगणारा सामना. दोन्ही रात्रभर चालणारे प्रकार. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे मावत. पुढे एलपीच्या एका बाजूवर वीस-पंचवीस. फोंड्याजवळच्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांतून अंतराळात गेली तीही साडेतीन मिनिटांचीच. तासातासाने राग मांडणारी गायिका परग्रहावरच्या श्रोत्याला आणि कोकणातल्या श्रोत्याला सारखीच तुटपुंजी भेटली, असे गमतीने म्हणता येईल. परंतु रात्र जागवणाऱ्या कानाला तीन मिनिटांचे गाणे संपूर्ण वाटत नसे. ते त्याला सुरुवातीसारखे वाटे.

सर्वांत आधी अभंगांविषयी. श्रीनिवास खळे यांच्या चालींतले लता मंगेशकरांचे 'अभंग तुकयाचे' ही मराठीतली निर्विवाद श्रेष्ठ ध्वनिमुद्रिका आहे असे मानले जाते, आणि स्वररचनेच्या दृष्टीने मलाही ते मान्य आहे. खळ्यांच्या चालीत ओळ जिथे संपेल असे वाटते तिथे ती वळण घेते. तुकोबांचे रोखठोक शब्द त्या वळणावर अचानक हळवे होतात. पण ही तबकडी पहिल्यांदा ऐकल्यावर आमच्या घरातल्या पखवाज वाजवणाऱ्या एका आजोबांनी दिलेला अभिप्राय मला कोणत्याही परीक्षणापेक्षा महत्त्वाचा वाटतो. ते म्हणाले होते, "आवाज बरो आसा, पण आमका म्हणूक खंय गावता?" कोकणी भजनात बुवा पेटीवर ओळ टाकतो आणि कोरस ती उचलतो. ओळ बुवाची राहत नाही. झांजांसकट ती बसलेल्या सगळ्यांची होते, आणि गजराला तर बुवा कोण हेही कळेनासे होते. खळ्यांची चाल उचलता येत नाही. ती इतकी नाजूक आहे की दुसऱ्याने हात लावला तर मोडेल. तुकोबांच्या मागे टाळकरी उभे होते. तबकडीत ते वाद्यवृंद झाले.

याउलट भीमसेन जोशींचे अभंग मसुऱ्यात सहज रुजले. राम फाटक यांनी बांधलेली नामदेवांच्या 'तीर्थ विठ्ठल'ची चाल मी भजनात बुवांच्या तोंडून ऐकली आहे, थोडी बदललेली, थोडी ठसकेदार केलेली. विद्वत्तेच्या तराजूत खळे जड भरतील, पण फाटकांच्या चालीत इतरांसाठी जागा आहे, आणि अभंगाच्या बाबतीत हा गुण मी वरचा मानतो. बुवा मंडळी नाट्यगीताच्या आणि चित्रपटगीताच्या चालींवरही अभंग बसवतात म्हणून नाके मुरडली जातात. माझ्या मते ती समीक्षाच असते. कोणती चाल समूहाला पेलते याचा निकाल तिथे उभ्या उभ्या लागतो.

'गीतरामायणा'बाबत माझे मत जरा वेगळे आहे. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीते प्रसारित झाली, तेव्हा माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, राम फाटक अशा अनेक गळ्यांनी ती गायिली होती. पुढे सुधीर फडके यांच्या एकट्याच्या आवाजातल्या ध्वनिमुद्रिका घरोघरी गेल्या आणि तेच 'गीतरामायण' होऊन बसले. फडक्यांचा शब्दोच्चार हा मराठी शिकवणाऱ्यांसाठी वस्तुपाठ आहे यात शंका नाही. पण दशावतार पाहणाऱ्याला एका गोष्टीची सवय असते: राजा राजासारखा बोलतो, आणि स्त्रीपार्टी नट मान वळवतो तेव्हा पुरुषाची बाई होते. त्याला राम, सीता आणि कौसल्या एकाच गळ्यातून येणे कीर्तनासारखे वाटते. कीर्तनाला आम्ही कमी लेखत नाही. तरीही नभोवाणीवरच्या त्या पहिल्या आवृत्तीत जे नाट्य होते त्याचे मोल तबकडीच्या प्रसाराने झाकले गेले, असे मला वाटते.

आता पाऊस. वेंगुर्ल्याने एका वर्षाच्या अंतराने मराठीला दोन कवी दिले: १९२९ साली खुद्द वेंगुर्ल्यात जन्मलेले मंगेश पाडगावकर आणि १९३० साली जवळच बागलांची राई इथे जन्मलेले चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजे आरती प्रभू. दोघांनीही पावसावर लिहिले आणि दोघांचीही गाणी झाली. पाडगावकरांचे 'श्रावणात घननिळा' खळ्यांनी लताबाईंकडून गाऊन घेतले, आरती प्रभूंचे 'ये रे घना' हृदयनाथ मंगेशकरांनी आशाबाईंकडून. वर्गात ही दोन गाणी एकापाठोपाठ लावून बघावीत. पहिल्यात पाऊस येऊन गेलेला आहे. ऊन पडले आहे, पाने निथळत आहेत, पाहणारा कृतज्ञ आहे. खळ्यांची चालही रस्ता सापडत गेल्यासारखी प्रत्येक कडव्याला नवी वाट काढते. दुसऱ्यात पाऊस अजून यायचा आहे, आणि बोलावणाऱ्याला तो हवाही आहे आणि त्याची भीतीही आहे. आशाबाई हाक घालतात तेव्हा स्वर पुढे जातो आणि पाऊल मागे राहते. मृगाच्या आधीचे ते कोंदलेले आठ-दहा दिवस, शाकारणी झालेली नसताना ढग पाहून पोटात येणारा गोळा, हे ज्याने अनुभवले आहे त्याला 'ये रे घना' हे निसर्गगीत वाटूच शकत नाही. माझा कौल त्या गाण्याला आहे. पाडगावकरांचे गाणे अधिक सुंदर आहे हे मान्य करूनही.

आरती प्रभूंच्या 'समईच्या शुभ्र कळ्या'बद्दलही असेच. हृदयनाथांनी चाल अशी बांधली आहे की ती गुणगुणता येते पण गाता येत नाही. माजघराच्या काळोखात एकच वात जळत असताना कोणी तरी स्वतःशीच बोलावे, तसे ते आहे. तिथे कोरसाची आठवणही होत नाही. समूहाला जागा हवी हा माझा आग्रह इथे मी खुशाल सोडून देतो.

पण इथेच एक अवघड प्रश्न समोर येतो. पाडगावकर, आरती प्रभू, आणि देवगड तालुक्यातले विंदा करंदीकर. या एवढ्याशा पट्ट्याने मराठी कवितेला इतके दिले, आणि गाण्यांतून ते गावाकडे परत आले ते प्रमाण मराठीत. समुद्राचे गाणे आले तेसुद्धा आमच्या किनाऱ्याचे नव्हे. शांता शेळके यांनी लिहिलेली आणि हृदयनाथांनी बांधलेली कोळीगीते उत्तम आहेत. हेमंतकुमारांच्या गळ्यात बंगालच्या नद्यांवरचा नावाडी आहे आणि तो मुंबईच्या कोळ्याला कुठेही विजोड होत नाही. मसुऱ्यातली पोरे त्यावर नाचली. मात्र मालवणचा मच्छीमार बहुतांशी गाबीत, त्याची बोली मालवणी, त्याचे जाळे रापणीचे. त्याला ते गाणे शेजाऱ्याच्या लग्नातल्या गाण्यासारखे वाटणार. १९७४ साली, राज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीत आलेल्या 'शिवकल्याण राजा'मध्ये भूषण, रामदास, सावरकर, कुसुमाग्रज असा शब्दांचा थाट आहे. पण मनात घुमत राहतात ती वीरांची दौड आणि न सरणारे रण; १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर ज्याची पायाभरणी झाली त्या जलदुर्गाचे वारे त्यांत लागत नाही.

मालवणी बोली कॅसेटवर आली ती 'वस्त्रहरण'बरोबर. गंगाराम गवाणकरांचे हे नाटक १९८० साली रंगभूमीवर आले, मच्छिंद्र कांबळी यांनी ते अजरामर केले, आणि त्याची ध्वनिफीत घराघरांत इतक्या वेळा वाजली की पोरांना संवाद पाठ झाले. आपली बोली यंत्रातून ऐकू येण्याचा तो आनंद मी कमी लेखणार नाही. पण त्यानंतर बाजारात मालवणी जी आली ती बहुतेक हसवायलाच आली. दुःख प्रमाण मराठीत, हसू मालवणीत, अशी वाटणी होऊन बसली.

याचे खापर कॅसेटच्या धंद्यावर फोडणे सोपे आहे, पण इतिहास तसे सांगत नाही. दशावतारातच पाहा. राजे, ऋषी, पतिव्रता जड, संस्कृतप्रचुर मराठीत बोलतात, नाट्यपदे गातात. मालवणी येते ती संकासुर आणि त्याच्यासारख्या हास्यपात्रांच्या तोंडी. म्हणजे वाटणी आधीच झालेली होती, आणि ती आमच्याच मांडावर झाली होती. तबकडीने ती फक्त पुढे चालवली. वि. कृ. नेरूरकर आणि महेश केळुसकर यांनी मालवणीत गंभीर कविता लिहिली, ती वाचलीही गेली. तिला हृदयनाथ भेटले नाहीत. मालवणीतले गंभीर गाणे तोवर जिथे होते तिथेच राहिले: धालोच्या मांडावर, जात्यावर, बायकांच्या तोंडी.

जाता जाता प्रल्हाद शिंदे यांच्याविषयी. २००४ साली ते गेले तेव्हा वाङ्मयीन नियतकालिकांनी त्यांची कितपत दखल घेतली, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. गणपतीत आणि जत्रेत त्यांच्या आवाजावाचून कर्णा लागत नसे. तो आवाज मोकळ्या माळावरून पलीकडच्या वाडीत पोहोचण्यासाठीच घडलेला होता. दिवाणखान्यात तो मोठा वाटतो, हा दिवाणखान्याचा दोष. आणि त्यांच्या गाण्यात कोरस होता. आमच्या आजोबांची तक्रार त्यांच्याबाबतीत कधी ऐकली नाही.

आता डबलबाऱ्या रात्रभर मोबाइलवर चित्रित होतात, आणि डोंबिवलीतला चाकरमानी सकाळच्या लोकलमध्ये त्या ऐकत जातो. तीन मिनिटांची मर्यादा गेली. फक्त माइक बुवाच्या आणि पेटीच्या पुढ्यात असतो. बुवाची हरकत न् हरकत स्वच्छ ऐकू येते. मागे बसलेला कोरस ओळ उचलतो तेव्हा तो दूर कुठेतरी, पाण्यापलीकडच्या गावात गात असल्यासारखा वाटतो.