नगरपालिकांची बंधनकारक कर्तव्ये

नगरपालिकांची बंधनकारक कर्तव्ये : नगरपालिका ही अधिनियमाने निर्माण होणारी संस्था असून अधिनियमाने दिलेल्या मर्यादेपलीकडे तिने केलेले कृत्य अधिकारबाह्य ठरते. याउलट, सोपविलेले काम तिने केलेच नाही, तर नागरिकाने दाद कोठे मागावी, हा प्रश्न अधिक अवघड आहे. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमाने कर्तव्यांचे दोन वर्ग केले. गटारे, मैला व केरकचरा यांची विल्हेवाट, दिवाबत्ती इ. बाबी कलम ६१ अन्वये बंधनकारक आहेत, तर कलम ६३ मधील बाबी स्वेच्छाधीन आहेत. नगरपरिषदांसंबंधीच्या महाराष्ट्राच्या १९६५ च्या अधिनियमातही हाच भेद आढळतो. तथापि तिजोरी रिकामी असल्यास बंधनकारक कर्तव्याचे काय होते, हे अशा विभागणीतून स्पष्ट होत नाही.

त्याचा निर्णय मध्य प्रदेशातील रतलाम येथील खटल्यात झाला. उघडी गटारे, मद्यार्क कारखान्यातून रस्त्यावर येणारे दुर्गंधियुक्त पाणी आणि शौचकूपांअभावी गटारांच्या कडेला बसणारे झोपडपट्टीवासी यांमुळे त्रस्त झालेल्या एका प्रभागातील रहिवाशांनी १९७२ मध्ये दंडाधिकाऱ्याकडे तक्रार केली. तिचा आधार होता फौजदारी प्रक्रिया संहितेतील सार्वजनिक उपद्रव दूर करण्यासंबंधीचे कलम १३३. (२०२४ पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ म्हणून आहे.) दंडाधिकाऱ्याने सहा महिन्यांत योजना आखण्याचा आदेश दिला, सत्र न्यायालयाने तो रद्द केला आणि उच्च न्यायालयाने पुन्हा कायम केला. रहिवासी येथील गैरसोयी ठाऊक असूनच राहावयास आले, असाही एक युक्तिवाद नगरपालिकेने केला होता. तिची मुख्य सबब मात्र पैशाच्या टंचाईची होती. २९ जुलै १९८० रोजी न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर व ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी ती फेटाळली. मानवी प्रतिष्ठेशी निगडित असलेले कर्तव्य अर्थसंकल्पातील तरतुदीवर अवलंबून ठेवता येत नाही, असा या निर्णयाचा आशय आहे. गटारे व सार्वजनिक शौचकूप बांधण्याची योजना एका वर्षात पुरी करण्याचा आदेश न्यायालयाने दिला; तिचा अंदाजित खर्च सहा लाख रुपयांच्या आसपास होता. एवढ्या रकमेसाठी नगरपालिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

झोपड्यांतील रहिवाशांचा प्रश्न मुंबईत वेगळ्या स्वरूपात पुढे आला. ओल्गा टेलिस खटल्यात (१९८५) उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात अंतर्भूत मानला गेला. परंतु पदपथावरील अतिक्रमण हटविण्याचा महानगरपालिकेचा अधिकार अबाधित राहिला व सामान्यतः पूर्वसूचना आवश्यक ठरली.

रतलामच्या निर्णयात एक अडचण मात्र शिल्लक राहते. कर्तव्य नगरपालिकेचे असले, तरी कोणते कर बसवावयाचे हे राज्य शासन ठरविते. १ जून १९९३ रोजी अंमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अठरा विषय नमूद केले. परंतु ते सोपविणे विधिमंडळाच्या इच्छेवर ठेवले. जकात हे मुंबई महानगरपालिकेचे उत्पन्नाचे प्रमुख साधन होते. वस्तू व सेवा कर आल्यावर १ जुलै २०१७ पासून ते संपुष्टात आले आणि त्याऐवजी शासनाकडून भरपाई मिळू लागली. नगरपालिकांची मुदत पाच वर्षांची राहील, अशीही तरतूद या घटनादुरुस्तीत आहे. असे असूनही, इतर मागासवर्गीयांचे आरक्षण व प्रभागरचना यांवरील वादांमुळे महाराष्ट्रातील निवडणुका लांबल्या. मार्च २०२२ मध्ये मुदत संपलेल्या मुंबई महानगरपालिकेचा कारभार त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती राहिला. कलम ६१ मधील कर्तव्ये या काळातही पूर्ववत बंधनकारकच होती.