सराव-पाठापासून छात्रसेवाकालापर्यंत



गुरुजनांच्या स्मरणार्थ भरलेल्या या सभेत, शिक्षक कोठे घडतो, या प्रश्नाचा मागोवा घेणे उचित होईल.

पदवीधर शिक्षकांचे प्रशिक्षण आपल्याकडे दीर्घकाळ सराव-पाठांवर उभे होते. हर्बार्टपंथीयांच्या पाच पायऱ्यांनुसार टाचण लिहावे, परक्या वर्गात एक तासिका घ्यावी, मागच्या बाकावरील निरीक्षकांचे शेरे स्वीकारावेत आणि परतावे, असा तो क्रम. पाठ उत्तम वठे; परंतु ज्या मुलाला तो उमगला नाही, त्याची दुसऱ्या दिवशीची वही छात्राध्यापकाच्या हाती येत नसे.

१९६३ मध्ये अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये निघाली. त्यांनी सलग छात्रसेवाकालाचा मार्ग धरला. पाठोपाठ कोठारी आयोगाने (१९६४-६६) दुखण्याचे मूळ सांगितले : प्रशिक्षण महाविद्यालये विद्यापीठांपासून, शाळांपासून आणि परस्परांपासूनही तुटली होती. गारगोटीला मौनी विद्यापीठ उभारणारे जे. पी. नाईक या आयोगाचे सदस्य-सचिव होते.

संशोधनाचीही तीच कथा. आपल्या बडोद्यात, सयाजीराव विद्यापीठातून, १९७४ मध्ये डॉ. एम. बी. बुच यांनी संपादिलेला शैक्षणिक संशोधनाचा सर्वेक्षणग्रंथ प्रसिद्ध झाला. कार्य मोलाचे, तथापि प्रबंध आणि वर्ग यांतील अंतर राहिलेच. शिक्षकाने आपल्या कामातील अडचण स्वतःच तपासावी, हा विचार अमेरिकेत स्टीफन कोरी यांनी १९५३ मध्येच ग्रंथरूपाने मांडला होता. त्यालाच आपण कृतिसंशोधन म्हणतो. वर्गातील काही मुले अपूर्णांकांच्या बेरजेत का चुकतात, एवढा प्रश्नही त्याला पुरतो. मात्र त्याचे उत्तर एका तासिकेत सापडत नाही.

२०१४ च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचे केले आणि शाळेतील सेवाकाल २० आठवड्यांचा. काळ लाभला, जबाबदारी लाभली काय? रजेवरील शिक्षकाचा वर्ग शांत ठेवण्यापुरताच छात्राध्यापक वापरला गेला, तर आठवडे सरतील आणि तो होता तसाच परतेल. त्याला शिक्षकांच्या बैठकीत बसू द्यावे, पालकसभेत बोलू द्यावे, एखादा उपक्रम आरंभापासून हिशेबापर्यंत त्याच्यावर सोपवावा, चुकल्यास जवळ बसवून सांगावे. नेतृत्वाची उमज अशा सोपवलेल्या कामातूनच येते.

हे काम महाविद्यालयाचे नव्हे, शाळेचे आहे. म्हणजे आपले आहे. ज्यांचे आज स्मरण करतो, त्यांनाही कधी काळी कोणा ज्येष्ठाने आपला वर्ग विश्वासाने सोपवला असेल. आपल्या दाराशी येणाऱ्या नवागताला तोच विश्वास द्यावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.