कागद कुणाच्या हातात गेला?



वारली चित्र तुम्ही नक्की पाहिलंय. मोबाईलच्या कव्हरवर, कुर्त्यावर, रिसॉर्टच्या भिंतीवर. दोन त्रिकोण जोडून केलेली माणसं, मधे तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची साखळी. आता मला सांगा, हे चित्र मुळात कोण काढायचं?

बायका. लग्न ठरलं की सवाशिणी घराची भिंत गेरूने सारवून घ्यायच्या, तांदळाचं पीठ पाण्यात कालवायच्या आणि बांबूची काडी टोकाला चावून तिचाच ब्रश करायच्या. मग भिंतीवर चौक उमटायचा, त्याच्या मधोमध पालघट देवी. शेजारी धवलेरी गाणी म्हणायची. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नसे. आणि हो, चित्राखाली कुणाचंही नाव नसायचं.

आजची गोष्ट आहे ती ही चित्रं भिंतीवरून कागदावर आली त्याची. त्यासाठी आधी बिहारला जावं लागेल.

१९६६-६७. बिहारमध्ये भीषण दुष्काळ. तेव्हा अखिल भारतीय हस्तकला मंडळाचं काम पुपुल जयकर बघत होत्या. मिथिलेच्या बायका लग्नाच्या खोलीत, म्हणजे कोहबरात, भिंतीवर सुंदर चित्रं काढतात हे त्यांना माहीत होतं. तीच चित्रं कागदावर आली, तर विकता येतील आणि घरात चार पैसे येतील, अशी कल्पना निघाली. हे काम घेऊन मधुबनीला कोण गेलं? मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी. सोबत हातकागद.

कागद बायकांच्या हातात पडला आणि पहिल्यांदाच चित्राला नाव मिळालं. जगदंबा देवींना १९७५ मध्ये पद्मश्री, सीता देवींना १९८१ मध्ये, गंगा देवींना १९८४ मध्ये. अर्थात सगळं छान छान नव्हतं. सुरुवातीला नावं झाली ती मुख्यतः ब्राह्मण आणि कायस्थ घरांतल्या बायकांची. दलित बायकांनी गोंदणाच्या नक्षीतून आपली शैली उभी केली ती नंतर.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हेच कुलकर्णी डहाणूच्या वारली पाड्यांवर पोचले. इथे त्यांना भेटले जिव्या सोमा मशे. लहानपणीच आई गेलेला, बोलणं सोडून मातीत चित्रं काढत बसणारा मुलगा. मोठेपणीही ते नुसत्या विधीसाठी नाही, तर मनाला येईल तेव्हा काढायचे. कागद मिळाल्यावर त्यांनी चौकाबाहेरचं सगळं जग त्यावर आणलं: शेत, मासे पकडायचं जाळं, पाखरं, मुंग्या. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले.

मशे थोर चित्रकार होते, यात मला तरी शंका नाही. पण गंमत बघा. माणूस तोच, कल्पना तीच, दोन्हीकडे मूळ चित्र लग्नघरातलं आणि बायकांचं. मिथिलेत कागदाने बायकांना नाव दिलं. डहाणूत कागदावर आलेली वारली कला मात्र बरीचशी पुरुषांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. चौक लिहिणाऱ्या सवाशिणी त्या भिंतीपाशीच राहिल्या. म्हणून मला वाटतं, अशा उपक्रमात फक्त ‘कला वाचली का?’ एवढं विचारून भागत नाही. कागद, बाजार आणि सही कुणाच्या हातात गेली, हेही विचारायला हवं.

१९८९ मध्ये पॅरिसला ‘मॅजिसियाँ द ला तेर’ नावाचं मोठं प्रदर्शन भरलं. जगभरातले शंभरेक कलाकार. त्यात डहाणूचे मशेही होते आणि मिथिलेच्या बउआ देवीही. दोघांचीही नावं यादीत, इतर कलाकारांच्या बरोबरीने.

तुमच्या-माझ्या मोबाईल कव्हरवर मात्र नाव नसतं. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला जीआय मानांकन मिळालं. त्याने कलेचं नाव आणि ती कुठली हे जपलं जातं. पण हे अमुक चित्र कुणी काढलं, ते त्यातून कळत नाही. ते आपणच विचारायचं. पुढच्या वेळी एखाद्या प्रदर्शनात वारली चित्र घ्याल ना, तेव्हा किमतीच्या आधी एवढंच विचारा: हे कुणी काढलंय? आणि तुमच्या घरी लग्नाची भिंत कोण लिहितं?

उत्तर मिळालं तर मलाही कळवा. भेटूया पुढच्या भागात!